सात चकत्या, सहा टक

गेल्या महिन्यात मी पंक्चरवर लिहिलं आणि पत्रं आली गिअरची. चालायचंच. वाईच्या ताईंचं पत्र लांब आहे, तरी त्याला कात्री लावली नाही. सायकल दुरुस्तीला देताना जे सांगायला हवं ते सगळं त्यांनी न विचारता सांगितलंय. बाकीच्यांना उरलेल्या जागेत बसवतो.

प्रश्न : दादा, माझ्याकडे थोरल्या भावाची माउंटन बाइक आहे. तो न्यू जर्सीत नोकरीला असताना १९९६ साली घेतलेली. परत येताना खोक्यात भरून आणली. आता तो पुण्यात असतो आणि सायकलकडे बघतही नाही, म्हणून मी चालवते. रोज शाळेपर्यंत ५ किलोमीटर जाऊन येऊन, शिवाय रविवारी जमेल तेवढा पसरणी घाट. गिअर बदलायच्या शिफ्टरवर पुसट अक्षरात ‘शिमानो आसेरा एक्स’ दिसतं. ब्रेकची दांडी आणि शिफ्टर एकाच तुकड्यात आहेत. पुढे ३ दातेरी चकत्या. मागे मोजल्या तर ७ भरतात, पण शिफ्टरचे टक-टक मोजले तर ६च होतात, म्हणजे एक गिअर आधीच मेलाय का? उजव्या बाजूची अंगठ्याने दाबायची पट्टी थंडीत सकाळी नुसतीच हलते, काही पकडत नाही. दुपारी शाळा सुटल्यावर मात्र बरी चालते. डावीकडची पट्टी सायकल पडली तेव्हा मुळापासून तुटली. भावजींनी एम-सीलने चिकटवून दिली होती, ती चार दिवस टिकली. एका दुकानात सांगितलं की याचे पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या. दुसऱ्याने मागचं-पुढचं सगळं ९ गिअरचं करून देतो म्हणून साडेअकरा हजार सांगितले. मला सायकल टाकायची नाही आणि एवढे पैसेही घालायचे नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, आधी तो मेलेला गिअर जिवंत करू. ७ चकत्यांना टक ६च असतात. पहिल्या चकतीवर चेन उभीच असते, तिथून सातवीपर्यंत जायला सहा उड्या लागतात. सात मजल्यांच्या इमारतीत जिने सहाच असतात, तसं. हसू नका, याच हिशेबात चुकून लोक ६ गिअरचा शिफ्टर विकत घेतात आणि तो माझ्या बाकावर आणून आपटतात. मोजायचे ते टक नाहीत, मागच्या चकत्या.

आता उजवा शिफ्टर. ‘सकाळी पकडत नाही, दुपारी पकडतो’ हे वाचलं आणि मी निम्मा निकाल तिथेच लावला. तो मोडलेला नाही, त्याचं ग्रीस वाळलंय. आपल्या फ्रीव्हीलमध्ये जशी कुत्री असतात, म्हणजे दात्यांत अडकणारे पोलादाचे छोटे दात, तशीच या शिफ्टरच्या पोटातही असतात. पट्टी दाबली की कुत्रं दात्यात अडकतं आणि चक्री एक घर पुढे सरकते. सोडलं की बारीक स्प्रिंग त्याला परत जागेवर ढकलते. कारखान्यात आत भरलेलं ग्रीस पंचवीस-तीस वर्षांत गुळाच्या पाकासारखं होतं. त्या चिकट पाकात कुत्रं रुतून बसतं, स्प्रिंगला ते उचलत नाही, आणि पट्टी रिकामीच फिरते. थंडीत पाक आणखी घट्ट होतो, दुपारच्या उन्हात जरा सैल पडतो. तुमच्या वाईत जानेवारीच्या सकाळी माणसांचीही बोटं वळत नाहीत, तिथे ग्रीसचं काय घेऊन बसलात.

हे घरी करता येतं. दुपार मोकळी ठेवा आणि खाली वर्तमानपत्र पसरा. चेन मागे सर्वांत लहान चकतीवर आणा, म्हणजे केबल सैल होईल. मागच्या डिरेलरवरचा, म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो त्या भागावरचा, केबलचा नट ढिला करून केबल सोडवा. मग शिफ्टरच्या खालच्या झाकणाचे बारीक स्क्रू काढा. ते मऊ असतात. स्क्रू ड्रायव्हर बरोबर मापाचा घ्या आणि आधी दाबून मग फिरवा, नाहीतर डोकं उडालं की तो स्क्रू जन्माचा तिथेच. झाकण निघालं की आत थांबायचं. मधला मोठा नट उघडायचा नाही! माझ्याकडे दरवर्षी एक-दोन जण प्लॅस्टिकच्या पिशवीत सुट्टे भाग घेऊन येतात आणि विचारतात, ‘हे परत कसं लावायचं?’ स्प्रिंग कुठे उडाली हे त्यांनाही माहीत नसतं.

उघड्या तोंडातून डब्ल्यूडी-४० या गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा भरपूर मारा. नळी लावून थेट दात्यांवर. दहा मिनिटं थांबा. मग पट्टी दाबत राहा, पन्नास वेळा, शंभर वेळा. आधी तपकिरी पाणी येईल, त्यात मधासारखे गोळे. ते जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा, पुन्हा फवारा. विसाव्या-तिसाव्या दाबाला कधीतरी एकदम ‘टक’ असा आवाज येतो. कोरडा, स्वच्छ. त्या आवाजासाठी मी अजून दुकान चालवतो असं बायको म्हणते. पेट्रोल मात्र वापरू नका, आत प्लॅस्टिकही आहे. सहाही टक दोन्ही दिशांना नीट मिळायला लागले की फवारा वाळू द्या आणि शिवणयंत्राच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडा. घट्ट ग्रीस पुन्हा भरायचं नाही, नाहीतर पुन्हा तोच पाक शिजायला घातल्यासारखं होईल.

माझ्याकडे असे आलेले शिफ्टर बहुतेक वेळा यानेच उठतात. एखादा उठत नाही, त्याची स्प्रिंग तुटलेली किंवा दाते झिजलेले असतात. तसं निघालं तर उजवीकडेही पुढे सांगतोय तोच इलाज.

डावीकडची पट्टी तुटली, ती गेली. एम-सील, अराल्डाइट, फेविक्विक सगळं करून झालेलं आहे, माझंही. तिथे अंगठ्याचा सगळा जोर एका नखाएवढ्या जागेवर येतो, चिकटवलेलं टिकत नाही. तिथे नवीन शिफ्टर लागणार. पण कुठला, इथे सापळा आहे, आणि मी त्यात स्वतः पडलोय.

२००८ साल असेल. अशीच जुनी सायकल, असाच ब्रेक आणि शिफ्टर जोडलेला तुकडा, दोन्ही तुटके. मी नवीन जोडतुकडे मागवले, ७ गिअरचे, दिसायला झकास. बसवले, गिअर लोण्यासारखे पडायला लागले, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यवतेश्वर घाटातून सायकल हातात धरून चालत खाली आलं. म्हणालं, ‘ब्रेक दगडासारखा लागतोय पण सायकल थांबत नाय.’ मला घाम फुटला. माणूस शहाणा होता, पहिल्याच वळणावर उतरला होता.

चूक अशी होती. त्या सायकलला जुने कँटिलिव्हर ब्रेक होते. टायरच्या वर वायर येते आणि तिथून दोन फाटे होऊन दोन्ही बाजूंच्या दांड्यांना जाते, ते कँटिलिव्हर. व्ही-ब्रेकला वायर एका बाजूने, वाकवलेल्या धातूच्या नळीतून येते. शिमानोने व्ही-ब्रेक आणले ते तुमची सायकल घेतली त्याच सुमारास. व्ही-ब्रेकच्या दांडीला वायर जास्त ओढावी लागते, म्हणून ती तशीच बनवलेली असते. ती दांडी कँटिलिव्हरला जोडली की वायर भराभर ओढली जाते, पण जोर निम्मा होतो. हाताला वाटतं घट्ट, चाकाला कळतच नाही. आज बाजारात नवे जोडतुकडे येतात ते जवळजवळ सगळे व्ही-ब्रेकसाठी. तुमच्या सायकलचे ब्रेक बघा. १९९६ची आसेरा एक्स असेल तर वायरला दोन फाटे दिसतील असं मी पैजेवर सांगतो.

म्हणून जोडतुकडा विकत घ्यायचाच नाही. डावीकडचा जुना तुकडा हँडलवरच राहू द्या. त्याची ब्रेकची दांडी चांगली आहे आणि तुमच्या ब्रेकला तीच लागते. त्याच्या पोटातल्या शिफ्टरमधून फक्त गिअरची केबल काढून टाका. मग त्याच्या आतल्या बाजूला, हँडलच्या मध्याकडे, वेगळा थंब शिफ्टर बसवा. हँडलवर उभी राहणारी, अंगठ्याने मागेपुढे ढकलायची पट्टी. जुन्या गिअरच्या सायकलींना असायची तीच. शिमानोच्या स्वस्त टूर्नी मालिकेत मिळते, तैवानची मायक्रोशिफ्ट आणि सनरेस यांचीही येते. डाव्या बाजूला टक नसलेला मिळाला तरी घ्या, किंबहुना मी तोच सुचवेन. पुढच्या तीन चकत्यांना टक लागतच नाहीत. चेन घासायला लागली की अंगठ्याने केसभर सरकवायची, घासणं बंद. टकवाल्यात ही सोय नाही.

विकत घेण्याआधी एकच मोजमाप. हँडलची जाडी ग्रिपकडे २२.२ मिलिमीटर असते आणि मध्यावर, स्टेमपाशी, म्हणजे हँडल सायकलला धरून ठेवणाऱ्या दांड्यापाशी, ती फुगते. ब्रेकच्या दांडीच्या आत फुगवटा सुरू होईपर्यंत दोन बोटं सरळ जागा हवी. नसेल तर ग्रिप आणि ब्रेक जरा बाहेर सरकवा. ग्रिप निघत नसेल तर खाली पातळ स्क्रू ड्रायव्हर सारून सिरिंजने थोडं सर्जिकल स्पिरिट सोडा, पिळा, साप कात टाकतो तशी निघते. स्पिरिट उडून गेलं की परत घट्ट बसते.

मागचं डिरेलर, चेन, चकत्या यांना हात लावायची गरज नाही. शिमानोच्या माउंटन बाइकचं मागचं डिरेलर ६ पासून ९ गिअरपर्यंत एकाच हिशेबाने हलतं, एका टकाला किती हलायचं तो पाढा शिफ्टरमध्ये असतो. एकच अपवाद : डिरेलरवर शिमानोऐवजी ‘सनटूर’ लिहिलेलं असेल तर शिमानोचे टक त्याला लागत नाहीत. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

दुसऱ्या दुकानदाराबद्दल एक शब्द. तो तुम्हाला फसवत होता असं मी म्हणणार नाही. ९ गिअर करायचे तर शिफ्टर, चकत्यांची गड्डी आणि चेन तिन्ही बदलावी लागतात, कारण ९ची चेन अरुंद असते. वर ७ गिअरच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, ९ची गड्डी बसत नाही, म्हणजे मागचं चाकही आलं. बिल तिथून फुगतं. हिशेब बरोबर आहे, फक्त तुमच्या दुखण्याचा तो इलाज नाही. गुडघा दुखतोय म्हणून पाय बदलण्यासारखं आहे.

आता केबल. शिफ्टर साफ करून जुनीच केबल परत लावू नका. इनर म्हणजे आतली तार आणि आउटर म्हणजे तिच्यावरची नळी, दोन्ही नवीन घ्या आणि दुकानात ‘गिअरची’ असं स्पष्ट सांगा. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ जातात, ब्रेकच्या आउटरमध्ये स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात. ब्रेकचा आउटर गिअरला लावला तर दाबाखाली तो थोडा आखडतो आणि टक जागेवर पडत नाहीत. उलट केलं, म्हणजे गिअरचा आउटर ब्रेकला लावला, तर जोरात ब्रेक दाबल्यावर तो फुटतो. पहिल्यात त्रास आहे, दुसऱ्यात दवाखाना.

आउटर पकडीने चावून तोडू नका, तोंड चेपतं. धारदार कटरने एका झटक्यात तोडा, मग गोधडीची सुई घालून आतल्या प्लॅस्टिकच्या नळीचं तोंड गोल उघडा. ही सुई मी दुकानात चुंबकाला चिकटवून ठेवतो. गिअर नीट पडत नाहीत म्हणून आलेल्या सायकलींमध्ये कितीदा तरी आजार या चेपलेल्या तोंडात सापडतो, आणि लोक मात्र डिरेलरचे स्क्रू पिळून आलेले असतात. टोकांना टोप्या घाला. उजव्या शिफ्टरची पुढची पट्टी दाबत राहून तो पार सैल टोकाला आणा, तेव्हाच केबलच्या डोक्याचं भोक बाहेरच्या भोकासमोर येतं. केबल आत ढकला, मागे नेऊन ताणा, नट आवळा. पेडल हाताने फिरवत एक टक टाका. चेन दुसऱ्या चकतीवर चढत नसेल तर केबल शिफ्टरमधून बाहेर पडते तिथली गोल घुंडी घड्याळाच्या उलट दिशेला अर्धा फेरा फिरवा. चढते पण तिसरीला खरवडते, तर थोडं परत. बस. डिरेलरवरचे ‘एच’ आणि ‘एल’ लिहिलेले दोन स्क्रू आधी नीट असतील तर त्यांना शिवू नका. ‘एल’ तर नाहीच, चेन चाकाच्या तारांत जाण्यापासून तोच वाचवतो. सगळ्यात शेवटी केबलचं उरलेलं टोक तोडा आणि फेविक्विकचा एक थेंब लावा, तारा विस्कटत नाहीत.

पसरणी चढायच्या आधी गावात सपाटीवर दोन दिवस चालवा. नवी केबल थोडी बसते, घुंडी पुन्हा पाव फेरा फिरवावी लागेल. पुन्हा दुकानात जाऊ नका त्यासाठी.

प्रश्न : काका, मी नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. माझ्या २१ गिअरच्या (पुढे ३, मागे ७) सायकलचा उजवा शिफ्टर तुटला. दुकानात ७चा नाही, ८चा आहे, आणि मित्राकडे ९चा पडून आहे. यातला चालेल का?

उत्तर : ८चा चालेल, ९चा नाही. इंजिनिअर आहेस म्हणून आकडे देतो. ७च्या शिफ्टरचा एक टक साधारण २.९ मिलिमीटर केबल ओढतो, ८चा २.८, ९चा २.५. डिरेलर त्याच्या १.७ पट सरकतं. चकत्यांमधलं अंतर ७च्या गड्डीत ५ मिलिमीटर, ८च्या गड्डीत ४.८. म्हणजे ८चा शिफ्टर सहा टकांत सव्वा मिलिमीटरच्या आसपास मागे पडतो. पहिल्या चकतीवर जुळवलंस तर सातवीवर ही सगळी चूक एकत्र येते. म्हणून घुंडी फिरवून मधल्या, चौथ्या चकतीवर जुळव, चूक दोन्हीकडे अर्धी-अर्धी वाटली जाते. डिरेलरच्या वरच्या कप्पीला आडवी थोडी ढील मुद्दाम ठेवलेली असते, ती तेवढं गिळते. ९च्या शिफ्टरचा हिशेब तूच कर, चौथ्या टकापर्यंत चेन दोन चकत्यांच्या मध्ये लटकेल.

एक टक जास्तीचा उरेल. तो सैल टोकाला ठेव : शिफ्टर पार सैल करून एक टक पुढे टाक, चेन लहान चकतीवर असताना केबल आवळ. ताणाच्या टोकाला उरला तर कधीतरी घाईत तू तो दाबशील आणि केबल नाहीतर शिफ्टर, एक काहीतरी जाईल.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा १० वर्षांचा आहे. त्याच्या सायकलला मूठ फिरवून गिअर टाकायचे आहेत. पावसाळ्यानंतर ती एवढी जड झालीय की त्याला दोन्ही हातांनी पिळावी लागते. दुकानदार म्हणतो शिफ्टर बदला. आम्ही चिपळूणला राहतो. – एक आई

उत्तर : चिपळूण लिहिलंत, तिथेच कळलं. शिफ्टर बदलण्याआधी एक करून बघा. मागच्या डिरेलरपासून केबल सोडवा आणि मूठ फिरवा. हलकी फिरली तर शिफ्टर निर्दोष आहे, आउटरच्या आत गंज चढलाय. मागच्या चाकापाशी आउटरचा जो गोल वळसा असतो, पावसाचं पाणी त्यातच साठतं. दोन्ही केबली बदलून घ्या. सोडवल्यावरही जड असेल तरच नवीन शिफ्टर, आणि तेव्हा मुठीचा घेऊ नका, अंगठ्याचा घ्या. दहा वर्षांच्या मनगटापेक्षा दहा वर्षांचा अंगठा जास्त कामाचा, मोबाइलने तयार करून ठेवलाय तो.

प्रश्न : पणजीत सपाटीवरच सायकल चालवतो. पुढची गिअर कधीच बदलत नाही. डावा शिफ्टर काढून टाकला तर चालेल? तो ब्रेकपासून वेगळा आहे.

उत्तर : खुशाल काढा. पुढचं डिरेलर मात्र काढू नका. त्याचे दोन स्क्रू फिरवून ते मधल्या चकतीवर पक्कं करा, नाहीतर खड्ड्यात चेन उतरते. ते नुसतं राखणदार म्हणून उभं राहू द्या. केबल काढल्यावर ते स्प्रिंगमुळे आत ओढलं जाईल, त्यामुळे आतला स्क्रू आवळूनच त्याला मध्यावर थांबवावं लागेल. काढलेला शिफ्टर चालू असेल तर भंगारात टाकू नका. वाईत एक डावा कमी पडलाय.